चौथ्या फरशीपर्यंत

मी बोलायला पहिल्यापासून चांगली. सासूबाईंना हा माझा दोष वाटायचा आणि आमच्या मुख्यसेविका मॅडमना गुण. नव्वद सालानंतरच्या त्या वर्षांत मी शिंगणापुरात अंगणवाडी चालवत होते. महिन्यातून एकदा गावातल्या आयांना गोळा करून त्यांच्यापुढे बोलायचं, हा कामाचाच भाग होता. बाळाला काय भरवावं, लस कधी टोचून घ्यावी, पोर घरातल्या घरात कसं हलतं-फिरतं ठेवावं. बोलता बोलता मी बेडूकउड्याही मारून दाखवायचे. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, मॅडम वहीत काहीतरी चांगलं लिहून घ्यायच्या आणि घरी येताना मी हवेत असायचे.

घरी माझी स्वतःची मुलगी खाटेला बांधलेली असायची.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहून टाकलं. नाहीतर नेहमीसारखी मी गोड गोड बोलत राहिले असते आणि ते राहून गेलं असतं. ते मला चांगलं जमतं.

माझं माहेर केडगावचं. तिथे दाराला कडी होती, कडीला कुलूप होतं आणि किल्ली आईच्या कमरेला असायची. लग्न होऊन शिंगणापुरात आले तेव्हा घराला चौकट होती आणि चौकटीत काहीच नव्हतं. गावाची रीतच तशी. शनिदेवाच्या गावात चोरी होत नाही, म्हणून दार बसवायचं नाही. रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून एक फळी टेकवून ठेवायची आणि उजाडलं की काढायची. पहिले काही महिने मला झोप लागायची नाही. नंतर इतकी सवय झाली की माहेरी गेले आणि आईनं कडी लावली की मला कोंडल्यासारखं व्हायचं.

आमचं घर देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. नवऱ्याचं देवळाजवळ दुकान होतं: तेल, नाल, काळ्या बाहुल्या आणि रुईच्या पानांचे हार. हार मी घरी करायचे, अंगणवाडी सुटल्यावर, दुपारी. सासूबाई तेव्हा दुकानात मुलाच्या मदतीला जायच्या. त्या वर्षांत गावात गाड्या वाढायला लागल्या होत्या. शनिवारी तर जीपगाड्यांची रीघ लागायची. दर्शन आटपून सगळ्यांना परत निघायची घाई, आणि रस्ता आमच्या चौकटीपासून दहा पावलांवर.

मुलगी अकराव्या महिन्यात चालायला लागली. चालायला म्हणजे पळायलाच. भिंतीला धरून चार दिवस काढले तिनं आणि मग घरभर नुसती धावायची. पडली तर रडण्यात वेळ घालवायची नाही, उठून पुन्हा धावायची. एका शनिवारी, दीड वर्षाची असताना, मी हाराला गाठ मारून मान वर केली तर ती खोलीत नव्हती. बाहेर जीपचे ब्रेक करकचले. मी चौकटीत पोचेपर्यंत ड्रायव्हर तिला एका हातानं उचलून घेऊन येत होता. त्यानं मला जे सुनावलं ते सुनावायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रात्रीची फळी दिवसाही चौकटीत आडवी लावली. सासूबाई आल्या आणि बाहेरच उभ्या राहिल्या. दिवसाढवळ्या चौकट अडवायची म्हणजे दार लावल्यासारखंच, असं त्यांचं म्हणणं. कुणी हौसेनं दार बसवलं आणि मग त्याच्या घरात काय काय झालं, अशा दोन गोष्टीही त्यांनी सांगितल्या. नवरा म्हणाला, देवाच्या जिवावर दुकान आहे आपलं, उगाच परीक्षा बघू नये. मी बारावी शिकलेली. आयांना सांगायचे, दृष्टबिष्ट काही नसते, ताप आला तर डॉक्टरकडे न्या. पण त्या दिवशी मी घाबरले. सासूबाईंना नाही, देवालाच घाबरले. मुकाट्यानं फळी काढली, जुन्या पातळाची लांब पट्टी फाडली, एक टोक पोरीच्या कमरेला बांधलं आणि दुसरं मधल्या खोलीतल्या लोखंडी खाटेच्या पायाला.

चौकट अडवली तर देव कोपेल हे माझ्या डोक्यात शिरलं होतं. पोर बांधलं तर कोपेल, असं गावात कुणी सांगितलं नव्हतं.

मधली खोली निवडली, कारण ती रस्त्यावरून दिसत नव्हती. म्हणजे हे चारचौघांत दाखवण्यासारखं नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आधी म्हटलं, शनिवारपुरतंच. मग अमावास्येला. मग पावसाळ्यात, दारात चिखल म्हणून. मग अंगणवाडीची रजिस्टरं भरायची असली की. दिवाळीपर्यंत ते रोजचं झालं. सकाळी मी कामावर असताना सासूबाई तिला सांभाळायच्या. माझं बघून त्याही बांधायला लागल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, पोरीमागे धावणं त्यांना होत नव्हतं, आणि त्यांना बोलायला मला तोंड उरलं नव्हतं. बरोबर न्यावं तर ती माझ्या पायाला चिकटून बसायची आणि मॅडमना ते चालायचं नाही. तेही खरं तर मी कधी विचारून पाहिलं नव्हतं.

खोलीत शहाबादी फरशी होती. पट्टी चौथ्या फरशीपर्यंत पुरायची. पहिल्या महिन्यात ती ओढ घ्यायची, रडून लाल व्हायची आणि कमरेवर वळ उठायचा. मी त्यावर खोबरेल लावायचे. हळूहळू वळ उठायचा बंद झाला. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली. शेजारणी म्हणायच्या, किती शांत आहे हो तुमची, आमची तर घर डोक्यावर घेतात. मी ते कौतुक हसून घ्यायचे.

याच दिवसांत माझं आयांपुढचं बोलणं चांगलंच रंगायला लागलं होतं. मॅडमनी सोनईच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं की मुलं घरातसुद्धा खेळती राहिली पाहिजेत, त्यावर आयांशी बोला. मी बोलले. अंगणात चार विटा मांडा आणि त्यांवरून चालायला लावा. हातात छोटा तांब्या द्या आणि तुळशीला पाणी घालायला पाठवा. धान्याच्या पोत्यावर चढू द्या, पडलं तर पडू द्या. आणि मग आवाज चढवून म्हणाले, "रानात जाता तेव्हा पोरांना बांधावरच्या बाभळीला बांधून ठेवता, ते बंद करा. दावं जनावराला असतं, पोराला नसतं."

हे वाक्य मी आदल्या रात्री ठरवून ठेवलं होतं. मॅडमनी मान डोलावली. मला आठवतं, त्या क्षणी मला घरची खाट आठवलीसुद्धा नाही. आठवून न आठवल्यासारखं केलं असतं तर एक वेळ बरं होतं. मला खरोखरच वाटत होतं की मी जे सांगते ते रानात जाणाऱ्या बायांसाठी आहे.

त्या बायांत एकजण होती, दुसऱ्यांच्या शेतात कांदे काढायला, खुरपायला जाणारी. तिचा मुलगा माझ्या मुलीच्याच वयाचा. ती नेहमी मागे बसायची, काही विचारायची नाही, पण एकही मीटिंग चुकवायची नाही. मला वाटायचं, सुकडीसाठी येते. मुलांसाठी गोड पिठाची सुकडी मिळायची तेव्हा.

मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा मॅडमनी शाळेच्या मैदानावर माता मेळावा घेतला. त्यात लहानग्यांची शर्यत ठेवली. फक्कीनं एक रेघ मारायची, तिथे मुलं उभी करायची, समोरच्या टोकाला आया उभ्या राहून हाका मारणार आणि मुलांनी पळत आईकडे जायचं. अंतर ते किती, पंचवीसेक पावलं. सेविकेची मुलगी नाही असं कसं दिसेल, म्हणून मी माझीही उभी केली. नवा फ्रॉक घातला होता, केसांना रिबीन लावली होती. माझ्याशेजारी ती कांदे काढणारी उभी होती, खाली वाकून, दोन्ही हात पसरून.

शिट्टी वाजली. मुलं सुटली, काही आईकडे, काही भलतीकडेच. त्या बाईचा मुलगा धुरळा उडवत आला आणि तिच्या पोटावर आदळला. माझी मुलगीही निघाली. चार-पाच पावलं छान पळाली. आणि थांबली.

रडली नाही. कुणी अडवलं नव्हतं, पुढे मोकळं मैदान होतं. तिनं एक हात मागे नेला, फ्रॉकवरून कमरेपाशी चाचपलं आणि वळून मागे बघितलं. मग तिथेच उभी राहिली, मी येऊन सोडवीन म्हणून.

सगळ्या बाया हसल्या. मॅडम म्हणाल्या, लाजली वाटतं. मीही हसून म्हणाले, लाजाळूच आहे हो फार. जाऊन तिला उचललं. परत आले तेव्हा त्या बाईनं हळूच विचारलं, पोरीच्या कमरेला काय बांधता का. मी म्हणाले, करदोडा आहे, काचत असेल. मुलांच्या कमरेला काळा दोरा सगळेच बांधतात. ती म्हणाली, व्हय, आणि मुलाच्या अंगावरचा धुरळा झटकायला लागली.

इतकं होऊन मी शहाणी झाले असते तर आज हे लिहायलाही बसले नसते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला पुन्हा बांधलं. शनिवार तोंडावर आला होता, हार व्हायचे होते. मनात म्हटलं, हे एवढे हार होऊ देत, मग बघू.

आमच्या गावात कुणाकडे गेलं तर वाजवायला दार नसतं. बाहेरून हाक द्यायची आणि आत यायचं. हाक आली, "ताई, हाय का घरात?" आणि मी मान खाली घालून पानं ओवत होते, तोंडातून सवयीनं निघालं, या की आत. ती कांदे काढणारी बाई पदरात कांदे घेऊन थेट मधल्या खोलीत आली. तिच्या मुलाचा पहिला नंबर आला होता, म्हणून मला कांदे द्यायला आली होती. माझ्या शिकवण्यामुळे आला, असं तिला वाटत होतं.

तिनं पोरीकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. मी काहीतरी बोलायला लागले, रस्त्याचं, जीपचं, सासूबाईंचं, देवाचं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसली आणि म्हणाली,

"मीबी माझ्याला बाभळीला बांधून कांदं काढायची, ताई. तुमी म्हनलात दावं जनावराला असतं, तवा सोडला. पोरगं सारखं वाफ्यात शिरायचं, रोपं तुडवायचं. मालकिनीनं लई बोलनी दिली, चार दिस कामावर घेतलं न्हाई. पर मी न्हाई बांधला. म्हनलं, ताई शिकलेल्या हायेत."

ती हे टोमणा म्हणून बोलत नव्हती. टोमणा असता तर मला उलट बोलता आलं असतं. भांडणात मी कमी नाही. तिचं बुडालेलं काम, तिनं खाल्लेली बोलणी, सगळं माझ्या एका वाक्यापायी, आणि ते वाक्य मी टाळ्यांसाठी केलं होतं. मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. डोळ्यांत पाणीसुद्धा येईना, इतकी लाज वाटली.

गाठ घट्ट बसली होती. तिनं दातांनी सोडवली. मग चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "फळी चालत न्हाई म्हनता, मग हारं करायला तुमीच तिथं आडव्या बसा की. मानूस बसल्यालं देवाला चालंल."

एवढं साधं होतं ते. वर्षभरात मला सुचलं नव्हतं. म्हणजे सुचलं असेल, पण यात्रेकरूंच्या डोळ्यांसमोर चौकटीत पाय पसरून बसायचं, ते सेविकेला आणि त्या घरच्या सुनेला शोभत नाही असं मला वाटायचं. त्या दिवसापासून बसले. सासूबाई कुरकुरल्या. मी पहिल्यांदाच त्यांना म्हणाले, तुम्ही बसता का मग? त्या दुकानाकडे निघाल्या. खरं तर त्या बिचाऱ्यांवर आवाज चढवायचा मला काही हक्क नव्हता.

मुलगी मोकळी होती, पण ती चौथ्या फरशीच्या पुढे जाईना. खाटेपासून निघायची, चौथ्या फरशीच्या सांध्यावर यायची, हात मागे न्यायची आणि परत फिरायची. मी हाका मारल्या, गूळ दाखवला, रागावलेसुद्धा. शेवटी मी रुईची पानं घेतली. एक पान चौथ्या फरशीवर ठेवलं आणि म्हटलं, आईला आणून दे, हार करायचाय. तिनं आणलं. दुसऱ्या दिवशी पाचव्या फरशीच्या कडेला ठेवलं. ती वाकली, हात लांब केला, पाय मात्र चौथीवरच. हाताला आलं तेव्हा आणलं. पुढच्या दिवशी अजून चार बोटं पुढे सरकवलं. तीन दिवस ते पान पाचव्या फरशीवर सुकत पडलं. चौथ्या दिवशी तिनं एक पाय पुढे टाकला.

असं महिना-दीड महिना चाललं. एकेक फरशी करत आम्ही मधली खोली ओलांडली, पुढची खोली ओलांडली. मग मागच्या अंगणात विटा मांडल्या. तांब्यातलं पाणी सगळं स्वतःच्या अंगावर सांडत तिनं तुळशीला घातलं. पोत्यावर चढली, पडली, रडण्यात वेळ न घालवता उठली. मी आयांना जे जे सांगत आले होते ते सगळं पहिल्यांदा स्वतः करत होते, आणि ते किती वेळ खातं, किती चिकाटी मागतं, हे मला तेव्हा कळलं. शनिवारी हार निम्मेच व्हायचे. नवऱ्यानं एकदा विचारलं, आणि मी सांगितलं की आता निम्मेच होतील. उन्हाळा संपता संपता एका संध्याकाळी ती मागच्या अंगणात कोंबडीमागे धावली, कुंपणापर्यंत, न थांबता. मी हारातली पानं टाकून रडले. त्या बाईला जाऊन सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, बास झालं मग.

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा माता मेळावा आला. मॅडमच्या लक्षात आलं होतं की माझी लाजाळू मुलगी आता सगळ्यांच्या पुढे पळते. त्या म्हणाल्या, हे तुम्ही कसं केलंत ते आयांना सांगा. शाळेच्या ओट्यावर शंभरेक बाया बसल्या होत्या, मुलं पुढे सतरंजीवर. मी उभी राहिले. मनात होतं, आज सगळं सांगून टाकावं. खरंच होतं. पण तोंड उघडलं आणि नेहमीचं बोलणं सुरू झालं. माझी मुलगी अंगानं जरा नाजूक होती, जरा मागे होती, म्हणाले. मग फरशा, पानं, विटा, तांब्या. बाया मन लावून ऐकत होत्या. मी रंगात आले, आणि ते वाक्य आपोआप आलंच, दावं जनावराला असतं.

माझी मुलगी पुढेच बसली होती. साडेतीन वर्षांची, आता बोलायला माझ्यावर गेलेली. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई मला बांधायची. खाटेला."

मॅडमनी हसत विचारलं, हो का गं, आईनं बांधलं तुला? तिनं मान हलवली आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणेन याची तिला खात्री होती, कारण ते खरं होतं.

मी म्हणाले, "काहीही बोलते हो. परवा म्हणत होती, शेजारच्या म्हशीनं भाकरी थापली."

असं ती कधीच म्हणाली नव्हती. ओटा हसण्यानं भरून गेला. मॅडम डोळे पुसत हसल्या. ती कांदे काढणारी बाई मागे बसली होती. तिनं मान खाली घातली आणि पदराची दशी बोटाला गुंडाळत राहिली. मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती. मग तिनं इकडेतिकडे हसणाऱ्या बायांकडे बघितलं, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं आणि तीही हसली. "म्हशीनं थापली भाकरी," ती म्हणाली. सगळ्या पुन्हा हसल्या तशी ती अजून मोठ्यानं म्हणाली.

खाटेचं तिनं पुन्हा कधी काढलं नाही. आज ती स्वतः आई आहे. पाहुणे जमले की म्हशीची गोष्ट हौसेनं सांगते, लहानपणी मी किती थापा मारायचे म्हणून. सांगून झालं की माझ्याकडे बघते, मी हसावं म्हणून, आणि मी हसते.